बारा जणींची यादी

२४ सप्टेंबर २०१८, सोमवार

नरसिंहमूर्ती सरांनी फॉर्म तिसऱ्यांदा परत केला. ‘तुमचा प्रेक्षक कोण?’ या रकान्यात पहिल्यांदा मी ‘सगळे’ लिहिलं होतं. दुसऱ्यांदा ‘कलेची आवड असलेले सगळे’. आज ‘कर्नाटकातला सुजाण प्रेक्षक’ असं लिहून नेलं, तर सरांनी ते वर्गासमोर मोठ्यानं वाचलं आणि विचारलं, “रुक्मिणी, या सुजाण माणसाचं नाव काय? सकाळी इडली खातो की उप्पिट?” सगळे हसले. मीही हसले, पण कान तापले होते.

आठ ऑक्टोबरपर्यंत प्रेक्षक ठरवून द्यायचाय. एकच माणूस डोळ्यांसमोर धरायचा. त्याचं वय, काम, राहणं, कशानं चिडतो, कशानं रडतो, सगळं लिहायचं. मग तशाच बारा जणांना जमवून फिल्म दाखवायची आणि ते काय म्हणतात ते सरांना द्यायचं. वर्गात अकरा फिल्म आहेत, बेंगळूरच्या प्रदर्शनाला दोनच जाणार. मला जायचंय. हे इथे उघड लिहिता येतं, कारण ही वही मराठीत आहे. वर्गात मराठी कुणाला येत नाही. घरात अप्पा आणि अंबूआत्या बोलतात मराठी, पण वाचतात कन्नड. देवळातल्या रविवारच्या वर्गात शिकलेली देवनागरी शेवटी या कामाला आली.

फिल्मचं नाव ‘देवाचा शिंपी’. आमच्या म्हैसूरच्या विठ्ठल मंदिरात दर कार्तिकीला देवाच्या अंगावर नवी अंगी चढते आणि ती शिवण्याचा मान आमच्या घराकडे आहे. आरतीनंतर माइकवर पुकारतात, “अंगीसेवा, टेलर नागराज!” मग अप्पा पुढे होऊन नारळ घेतात. चांगला विषय आहे. पण खरं सांगायचं तर फिल्म मलाच कंटाळवाणी वाटते. एरवी गिऱ्हाइकाशी तासभर गप्पा छाटणारे अप्पा कॅमेऱ्यासमोर शाळेच्या ग्रुप फोटोला बसल्यासारखे बसतात.

२९ सप्टेंबर, शनिवार

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहून ठेवते.

अप्पा अस्तराचं कापड आणायला बाजारात गेले होते. दुकानात मी आणि आत्या. ती नेहमीसारखी कोपऱ्यात शाळेच्या शर्टांना काजं करत होती. मी म्हटलं, “आत्या, आवाज तपासायचाय, काहीही बोल.”

तिनं मान वर न करता विचारलं, “कोण बघणार गे हे?”

“माझे सर. फार तर वर्गातली मुलं.”

“आपल्यातलं कोण?”

“कुणीच नाही.”

“मग आयतु,” म्हणाली, म्हणजे चालेल. आणि हातातला शर्ट बाजूला ठेवून तिनं मशीनच्या खणातून पावडरचा एक जुना डबा काढला. त्यात मेणाच्या काळ्या दोऱ्याची गुंडाळी होती. दोऱ्याला ठिकठिकाणी गाठी.

“हे देवाचं माप,” ती म्हणाली. “ही खांद्याची गाठ, ही छातीची. ही कोपराची, बघ, हीच लबाड. माणूस शर्ट घालताना हात वर करतो. देव करतो काय? त्याचे हात सदा कमरेवर. बाही बंद शिवली तर घालायची कशी? तुझ्या अप्पानं पहिल्या वर्षी बंद शिवली. पुजाऱ्यानं तशीच परत धाडली. पाप, बिचारा, इथं पाटावर बसून रडला गे तो. मग मीच उसवली. बाही मागनं उघडी ठेवली, कोपराच्या वर एक बंद, खाली एक बंद. बांधलं की समोरनं कळतच नाही.”

“आणि नंतरच्या वर्षी?”

“नंतर काय! एकतीस झाल्या की. सगळ्या मीच.” हे तिनं भाजी निवडताना सांगावं तसं सांगितलं.

मी विचारलं, मग नाव अप्पांचं का? तर माझ्याकडे बघत राहिली, लहान मुलीकडे बघावं तशी. “विधवेच्या हातचं देवाला कोण घालील? मी चोविसाव्या वर्षी परत आले इथं. अप्पा दोरा घेऊन गाभाऱ्यात गेला, गाठी मारून आणला, तेवढंच. मी उंबऱ्याच्या आत गेले नाही कधी. पण डोळे मिटले तरी त्याचं अंग माझ्या बोटांना ठाऊक आहे.” हसली. “कार्तिक जवळ आला की मला दुसरं काही सुचत नाही बघ. बाकीचं वर्ष काय, हुक आणि बटणं. सांगू नको गे कुणाला.”

मी मान हलवली. कॅमेरा चालू होता.

मी सहा वर्षांची असताना आई गेली, तेव्हापासून मला आत्यानंच वाढवलं. आणि मला हे आज कळतंय! माझ्या डोक्यात संताप मावत नाहीये. एकतीस वर्षं नारळ कुणाच्या हातात, आणि बोटांना सुया कुणाच्या टोचल्या!

१ ऑक्टोबर, सोमवार

सरांना ते सात मिनिटांचं चित्रण खाली कन्नड ओळी घालून दाखवलं. ते खुर्चीत पुढे सरकून बसले. दोन वर्षांत त्यांना असं बसलेलं पाहिलं नव्हतं. संपल्यावर म्हणाले, “ही तुझी फिल्म. बाकीची फेकून दे.”

मग विचारलं, “त्यांची संमती आहे ना?”

“आहे, सर.”

“कागदावर?”

घरी येऊन आत्यासमोर कागद ठेवला. कॉलेजचा आहे म्हटलं. तिनं कन्नडमध्ये सही केली, अक्षर न् अक्षर सुटं, आणि विचारलं, “फी भरायचा काय?” मी म्हटलं, तसाच काहीतरी. खोटं नव्हे ते. पुरतं खरंही नव्हे.

४ ऑक्टोबर, गुरुवार

आता प्रेक्षक कोण ते चुटकीसरशी कळलं. ज्या बाईचं काम दुसऱ्याच्या नावावर जातं, ती.

संध्याकाळी हिनकलच्या बसस्टॉपवर दीड तास बसले. ऑफिसातून सुटणाऱ्या मुली बघितल्या. शिंप्याच्या घरात वाढलं की माणूस आधी कपड्यातून दिसतो. एकीचा रेडिमेड कुर्ता खांद्यावरून घसरत होता. बाजूच्या शिवणी आत घेतलेल्या नव्हत्या, म्हणजे घरात ‘आण इकडे, दाबून देते’ म्हणणारं कुणी नाही. एकटी राहते. एकीनं ओढणी पिशवीत कोंबलेली, बसमध्ये चढण्याआधी काढून अंगावर घेतली, म्हणजे घरी सासू आहे. मला टेप लागत नाही, नजरेनं माप येतं, असं अप्पा माझं कौतुक करतात ते काही उगाच नाही.

७ ऑक्टोबर, रविवार

लिहून झालं. माझ्या प्रेक्षकाचं नाव नंदिता. वय अठ्ठावीस. गाव हासन. हिनकलला खोली घेऊन राहते. सकाळी उप्पिट, तेही डब्यातलं. रविवारी आईला फोन करते आणि ‘सगळं बरं आहे’ म्हणून सांगते. तिनं केलेलं काम मीटिंगमध्ये साहेब स्वतःचं म्हणून दाखवतो, तेव्हा ती बाथरूममध्ये जाऊन तोंड धुऊन येते. देवळात क्वचित जाते, पण जाताना चप्पल कुणी नेणार नाही ना, हे दोनदा बघते.

शेवटचा रकाना: ‘फिल्म बघून ती काय करील?’ मी लिहिलं, ‘त्या बाईला न्याय मिळावा असं तिला वाटेल.’

सरांना फोनवर वाचून दाखवलं. त्यांनी दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता तिथेच ‘बेश’ म्हटलं.

२१ ऑक्टोबर, रविवार

दसरा झाला, गर्दी ओसरली. आज संकट आपल्या पायांनी घरात आलं.

देवळाचे सेक्रेटरी वेंकटरमणकाका पँट घट्ट झाली म्हणून दुकानात आले होते. अप्पांनी लगेच सांगून टाकलं की मुलगी माझ्यावर फिल्म करते आहे. काका खूश. “मग कार्तिकीला हॉलमध्ये दाखवूया की, नागराजा! पडदा मी आणतो.” अप्पांचा चेहरा मला बघवेना. साठीच्या माणसाला इतका आनंद होतो हे मला ठाऊक नव्हतं.

आत्या कोपऱ्यात हुक लावत होती. तिनं मान वर केली नाही. पण काका गेल्यावर मी पाणी प्यायला आत गेले तर मागोमाग आली.

“ते माझं बोललेलं त्यात नाही न्हवे?”

“देवळातल्यात नसणार.”

“देवळातल्यात म्हणजे? किती आहेत गे?”

मी म्हटलं, तू काळजी करू नको.

२४ ऑक्टोबर, बुधवार

एका कापडातून दोन कपडे काढायचं ठरवलंय. देवळासाठी अप्पांची फिल्म, सरांसाठी आत्याची. दोन्हींचा प्रेक्षक वेगळा, दोघांची गाठ पडण्याचं काही कारण नाही. सरांनीच तर शिकवलं, प्रेक्षक नीट ओळखलास की निम्मं काम झालं.

आत्या हल्ली माझ्याशी जरा तुटक वागते. अंगीचं कापड आलंय, मोरपंखी रेशीम, बारीक जरीकाठाचं. दर वर्षी ती दिवाळीच्या चार दिवस आधी बेतते, या वर्षी आजच बसली. घाई कशाला म्हणून विचारलं तर “सुम्ने” म्हणाली, उगाच. मला वाटतं, आपण फिल्ममध्ये कशा दिसतो याची तिला हुरहुर लागली असावी. कॅमेऱ्यासमोर आलेल्या सगळ्यांना लागते.

३० ऑक्टोबर, मंगळवार

बारा जणी जमवणं म्हणजे बारा गावं पालथी घालणं आहे. मैत्रिणींच्या बहिणी, त्यांच्या ऑफिसातल्या, त्यांच्या खोलीवरच्या, असं करत यादी केली. एक नियम मी स्वतःचा घातलाय: आमच्यातलं कुणी नको. कुणाचंही घर, नातं, मामा-मावशी देवळाशी जोडलेलं नको. प्रत्येकीला स्वतः फोन करून गाव विचारते. दोघींना त्याच कारणावरून गाळलं. एकीची काकू देवळात भजनाला जाते.

एक मराठी निघाली. आधी दचकलेच. पण ती बोलायला लागली आणि जीव भांड्यात पडला. “हो, मला नक्की आवडेल यायला, किती वाजता पोहोचू?” असलं धुतलेलं मराठी आमच्यात कुणाच्या तोंडी आहे! आम्ही ‘येतो की, किती घंट्याला?’ म्हणणारी माणसं. बार्शीची आहे, हिनकलच्या ऑफिसात. नाव शरयू बोंगाळे. आडनावासकट! आम्हा म्हैसूरकरांची आडनावं पणजोबांच्या काळातच गळून पडली, मी कागदोपत्री एन. रुक्मिणी, अप्पा आर. नागराज. आडनाव सांगणारा मराठी माणूस दिसला की तो परगावचा, हे आम्ही लहानपणापासून धरून चालतो. घेतली यादीत. अकरावी.

३ नोव्हेंबर, शनिवार

झालं! विभागातल्या लहान हॉलमध्ये, सकाळी अकराला. बाराच्या बारा आल्या.

मी पडद्याकडे बघितलंच नाही, त्यांच्याकडे बघत बसले. ‘विधवेच्या हातचं देवाला कोण घालील’ या वाक्याला एकीनं दुसरीचा हात धरला. ‘हुक आणि बटणं’ला कुणीतरी नाक ओढलं. संपल्यावर टाळ्या. मी लिहिलेली नंदिता एकदम बारा ठिकाणी बसली होती. सर मागे उभे होते. त्यांनी मला लांबूनच मान डोलावून दाखवली.

सगळ्यांना प्रश्नावली दिली. शरयूचे डोळे लाल झालेले. तिनं खाली मराठीत लिहिलंय, ‘या काकूंच्या पाया पडायचं आहे. त्यांचं नाव सगळ्यांना कळायलाच हवं.’ जाताना विचारलं, “ते देऊळ इथलंच ना?” मी म्हटलं, “इथलं म्हणजे, या भागातलं.” ती हसली.

४ नोव्हेंबर, रविवार

रात्रभर आनंदानं झोप नाही, आणि सकाळपासून वेगळ्याच गोष्टीनं बेचैन. आत्याला मी सांगितलं होतं, सर आणि वर्गातली मुलं. बारा जणी वर्गातल्या नाहीत. पण त्या वर्गासारख्याच ना? दोन तासांसाठी आल्या आणि गेल्या. आत्याला त्या ओळखत नाहीत, आत्या त्यांना ओळखत नाही. असं मी स्वतःला सांगते आहे. ज्या अर्थी सांगावं लागतंय त्या अर्थी कुठेतरी उसवलंय.

त्याच दिवशी, संध्याकाळी

प्रश्नावल्या टेबलावर पसरून मी नावं वाचत होते, स्वतःशीच पण मोठ्यानं. अप्पा कॉफी पीत होते.

“बोंगाळे?” ते म्हणाले. “आमच्यातलंच घराणं ते. माझ्या आजीचं माहेर बोंगाळ्यांचं. वेंकटरमणाची नवी सून पण बोंगाळ्यांचीच, नाही काय गे अंबू? मे महिन्यात लग्न झालं बघ, तिकडे बार्शीला. आपण गेलो नाही.”

आत्या भाकरी थापत होती. थापता थापता थांबली.

“कसली नावं ती?” तिनं विचारलं.

मी म्हटलं, कॉलेजची. अप्पा दुकानात गेले. आत्या पुन्हा थापायला लागली.

५ नोव्हेंबर, सोमवार

सगळे तास बुडवून हिनकलला गेले. शरयूला ऑफिसच्या दाराशी गाठलं. दुपारच्या सुट्टीत बाहेर आली, मला बघून चेहरा फुलला.

“मी तुम्हाला फोनच करणार होते! मी तिथलीच हो, वेंकटरमण माझे सासरे. ऑफिसच्या कागदांवर अजून माहेरचं नाव आहे. देव बघितला आणि ओळखलं मी, लग्नानंतर पहिल्यांदा पाया पडायला त्याच देवळात नेलं होतं.”

“घरी सांगितलंत?”

“म्हणजे काय! त्याच संध्याकाळी. मला राहवेचना.”

“सासऱ्यांनासुद्धा?” मी विचारलं. तिला माझी धास्ती कळली असावी. म्हणाली, “अहो, घाबरू नका. बाबा जराही रागावले नाहीत. उलट फार कौतुक वाटलं त्यांना. म्हणाले, इतकी वर्षं त्या बाईनं मुकाट्यानं केलं, आपण काहीतरी करायला हवं. आपली माणसं काही पूर्वीची राहिली नाहीत.”

मी तिचे हात धरून थँक्स म्हटलं. परतीच्या बसमध्ये मला रडू आलं, सुटल्याचं. वाचले. आणि विचार केला तर झालं ते बरंच झालं की! मी जे फॉर्मवर लिहिलं तेच घडतंय. त्या बाईला न्याय मिळावा असं तिला वाटेल. वाटलं. आणि ती उठून बोललीसुद्धा.

आत्याला आज सांगत नाही. काकाच सांगू देत, मान त्यांच्या तोंडून मिळू दे.

८ नोव्हेंबर, गुरुवार, पाडवा

वेंकटरमणकाका सकाळी दहाला आले. सोबत फळांची करंडी आणि कमिटीतले कृष्णमूर्ती. अप्पांनी खुर्च्या पुसल्या. अंगी जवळजवळ झाली होती, मशीनवर पसरलेली. फक्त बंद लावायचे राहिले होते.

काकांनी आत्याला आतून बोलावलं. उभे राहून हात जोडले. “अंबक्का, आम्हाला काहीच गोत्तिल्ला, ठाऊकच नव्हतं. एकतीस वर्षं तुम्ही केलं आणि आम्ही नारळ देत होतो नागराजाला!” आणि हसले, अगदी मनापासून.

अप्पांनी खाली बघितलं. आत्यानं माझ्याकडे बघितलं. एकदाच.

मग काका पुष्कळ बोलले. काळ बदललाय, कमिटीत कुणाचं काही म्हणणं नाही. कार्तिकीला हॉलमध्ये तीच फिल्म दाखवायची, सगळ्यांसमोर शाल घालायची, त्यांच्या सुनेनं भाषणही लिहिलंय. भटजी म्हणतात तर रूढी म्हणून एक लहानशी शुद्धी उरकून घेऊ, तुम्ही मनावर घेऊ नका. “आणि अक्का, आता पुरे. वय झालं, डोळे गेले. यापुढं तुम्हाला त्रास देणं आम्हाला शोभत नाही. बेंगळूरला देवाचे पोशाख रेडिमेड मिळतात. कृष्णमूर्तीनं कालच टेपनं माप घेऊन पाठवलं.”

“ही झालीय की,” आत्या म्हणाली. “दोनच बंद राहिलेत.”

“ती घरात असू दे, तुमची आठवण म्हणून,” काका म्हणाले.

“बाही मागनं उघडी लागते,” आत्या म्हणाली. “त्यांना सांगितलंय काय?”

“ते सगळं त्यांना ठाऊक असतं. बिडू अक्का, सोडा ते, आता आराम करा.”

ते गेल्यावर अप्पा म्हणाले, “चूक माझी. मी पहिल्याच वर्षी सांगायला पाहिजे होतं. नाही तर कधीच कुणाला कळायला नको होतं.” कुणाशी बोलत होते कळलं नाही.

आत्या सुईत दोरा ओवत होती. तिनं दोन्ही बंद लावले. टाका पक्का आहे की नाही ते ओढून बघितलं. अंगीची घडी घातली, मलमलमध्ये बांधली. मग मला विचारलं, “किती जणांनी बघितलं?”

“बारा जणींनी.”

“मी तुला विचारलं होतं,” ती म्हणाली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला बरं वाटलं असतं.

१२ नोव्हेंबर, सोमवार

सरांकडे गेले. म्हटलं, ती फिल्म देवळात नको, कुठेच नको. सरांनी कपाटातून आत्याच्या सहीचा कागद काढून पुढे ठेवला. म्हणाले, “फिल्म विभागाची आहे. पण त्या बाईंना हे नको असेल तर मी थांबवतो. विचारलंस त्यांना?”

घरी येऊन विचारलं. आत्या म्हणाली, “आता थांबवून काय होतं? तुझं तरी होऊ दे.”

दिवसभर काजं करत होती. एका शर्टाला सातऐवजी आठ केली. एकतीस वर्षांत पहिल्यांदा.

१९ नोव्हेंबर, सोमवार, कार्तिकी एकादशी

हॉल भरला होता. शरयूनं सुंदर भाषण केलं. फिल्म लागली. दोनतीनशे माणसं, म्हाताऱ्या, मुलं, दुकानदार, आणि नंदितासारखं त्यात एकही नाही. तरीही सगळ्यांनी तिथेच नाक ओढलं. टाळ्या थांबेनात. ‘अंगीसेवा’ पुकारलंच नाही. बेंगळूरच्या दुकानाचं नाव पुकारलं असतं तर ऐकायला कसं वाटलं असतं, असं मनात येऊन गेलं.

शाल घालायला आत्याला पुढे बोलावलं. ती जागेवर नव्हती. मी उठून शोधायला गेले.

ती गाभाऱ्यासमोर उंबऱ्याबाहेर उभी होती, तिच्या नेहमीच्या जागी. देवाच्या अंगावर लाल, टिकल्याटिकल्यांची अंगी. बाह्या बंद शिवलेल्या असणार. पुजाऱ्यानं त्या मागून ब्लेडनं फाडल्या होत्या आणि सेफ्टी पिना लावल्या होत्या. उजव्या कोपराशी तीन, डावीकडे चार. समोरून दिसत होत्या. एक पीन उघडी राहिली होती, तिचं टोक देवाच्या दंडाला लागून होतं.

हॉलमधून टाळ्या ऐकू येत होत्या. तिथल्या कुणालाच ती पीन दिसत नव्हती.

“पुजाऱ्यांना सांगते,” मी म्हटलं.

“नको,” आत्या म्हणाली. “आता त्यांचं ते बघतील.”

पण हलली नाही. मला वाटतं, ती तासभर तिथे उभी होती.

२० नोव्हेंबर, मंगळवार

दुपारी सरांचा फोन आला. निवड झाली. बेंगळूरला दोन फिल्म जाणार, त्यातली एक माझी. ज्यासाठी दोन महिने जीव टाकला ते मिळालं, आणि मी ‘हो सर, थँक्यू सर’ एवढंच म्हणाले. अप्पांना सांगितलं. “बरं झालं,” म्हणाले आणि कात्रीला धार लावायला बसले.

आत्याला सांगितलं. तिनं विचारलं, “तिथं कोण बघणार?”

वहीत मी माझ्या प्रेक्षकाचं वय लिहिलं आहे. काम, नाश्ता, राग, सगळं. आधी दोनदा उत्तर कसं झटकन आलं होतं. आज म्हटलं, “माहीत नाही, आत्या.”

तिनं मान हलवली. मशीनचा खण उघडून पावडरचा डबा काढला, दोरा मांडीवर घेतला आणि सुईच्या टोकानं पहिली गाठ सैल करायला लागली.

“काय करतेस?”

“दोरा चांगला आहे. कोटांच्या बटणांना येईल.”

मी म्हटलं, थांब, मापं तरी लिहून घेते, टेप आणते. ती म्हणाली, “कशाला गे? माप त्यांनी नेलंय की.” आणि सोडवत राहिली. एकतीस वर्षांच्या गाठी, मेणानं दगड झालेल्या. खांद्याची सुटली. छातीची सुटली. कमरेची सुटायला वेळ लागला. सुटलेला दोरा ती बोटानं सरळ करून रिकाम्या रिळावर गुंडाळत होती. मी समोर बसून बघत होते. कॅमेरा हाताशी होता, तो मी उचलला नाही, एवढं एकच आज माझ्या हातून बरं झालं.

शेवटी कोपराची राहिली. तिनं सुईनं खणून बघितली, दातांनी ओढून बघितली. चष्मा पुसला, परत बघितली. मग दोरा माझ्यापुढे धरला.

“तुझी नखं आहेत,” म्हणाली. “बघ, सुटते काय.”

मी सोडवली.